घरातली माणसे वगळून

३ मार्च

हिचा चष्मा फ्रिजवर नाही.

काल होता की नाही ते सांगता येत नाही. पण तो तिथेच असतो. ही गेल्यापासून घरातली एकही वस्तू मी हलवलेली नाही. चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली होती. नवी बसवून आणतो म्हणालो होतो, राहून गेले. असला चष्मा चोराच्या काय कामाचा, हा प्रश्न आहेच. पण आधी पुरावा, हेतू मागाहून, असे आमच्याकडे म्हणत.

आमच्याकडे म्हणजे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. मी तिथे स्टोअरकीपर होतो. बोटांचे ठसे घेणारे तज्ज्ञ आले आणि बदलून गेले, त्यांना पावडर देणारा मी एकटाच शेवटपर्यंत. ब्रश, टेप, हातमोजे, पुराव्याच्या पिशव्या, सगळे माझ्या खिडकीतून जाई. त्या खिडकीत बसून जे कानावर पडले तेवढ्यावर एखाद्याने डॉक्टरेट घेतली असती. मी घेतली नाही, इतकेच.

पोलिसांकडे जाणार नाही. ते आले की बुटांनी अर्धा पुरावा तुडवतात. तपास मी स्वतः करणार. आठवड्यात उलगडा.

रात्री मुलीचा फोन. रविवारी येऊन गेली तेव्हाचेच पालुपद. महिनाअखेर रंगारी बोलावते, घर साफ करून घेऊ, मग तुम्ही माझ्याकडे राहायला या. म्हटले, सध्या शक्य नाही, कामात आहे. कसले काम ते गोपनीय असल्याने सांगितले नाही. जेवलात का, विचारले. हो म्हटले.

४ मार्च

साहित्य जमवले. पावडरचा एक डबा घरात आहे. मुदत संपलेली, नष्ट करायची म्हणून मी निवृत्तीच्या वेळी घेऊन आलो होतो. नष्ट करण्याचे काम चालू आहे असे समजायला हरकत नाही. ब्रश एक. टेप वाण्याकडची. भिंग माझे.

डबा उघडताना झाकण जरा जोरात निघाले. काळी पावडर टेबलावर, फरशीवर, शर्टावर. शिंकलो, त्याने आणखी पसरली. असे अनुभवी माणसालाही होते.

स्वयंपाकघराच्या दारात सुतळी बांधून जागा सील केली. मग लक्षात आले की चहा आत आहे. संध्याकाळपर्यंत दम धरला. नंतर सुतळीखालून वाकून गेलो. तपास अधिकाऱ्याला तशी मुभा असते.

५ मार्च

पद्धत लिहून ठेवतो. घरात ठसे सापडणारच. त्यातले बहुतेक घरातल्या माणसांचे आणि नेहमी येणाऱ्यांचे असतात. म्हणून आधी या सगळ्यांच्या बोटांचे नमुने घ्यायचे आणि ते ठसे वगळायचे. जो उरतो तो आपला माणूस. इतके सोपे आहे, आणि लोक त्यासाठी पगार घेत.

माझे नमुने सकाळी घेतले. शाई निघत नाही.

मग कामाच्या मावशी आल्या. त्यांना वाटले पेन्शनच्या कागदावर साक्षीदार म्हणून अंगठा हवा आहे. म्हणाल्या, मला सही येते. मी म्हटले दहाही बोटे लागतील. दिली बिचारीने. मग विचारले, कशाला हो काका? मी सरळ सांगितले की संशयितांतून तुमचे नाव वगळायचे आहे.

यात रागावण्यासारखे काय होते मला अजून कळत नाही. वगळायचेच तर होते. प्रयोगशाळेत कोणी रागावत नसे. मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली, हात धुतले, पदराला पुसले. म्हणाल्या, ताई असत्या तर तुमची ही हिंमत झाली नसती. डोके ठिकाणावर आले की निरोप धाडा, तोवर मी येत नाही.

उद्यापासून केर स्वतः काढायचा.

६ मार्च

केर काढल्याने पुरावा नष्ट होतो. म्हणून काढला नाही.

८ मार्च

समोरचे वकील संध्याकाळी नेहमीसारखे बुद्धिबळाला आले. यांनी आयुष्यात एक खटला जिंकला, तोही समोरचा पक्षकार वारला म्हणून. हे वाक्य त्यांचेच. येताना त्यांच्या घरून भाजीचा डबा आणतात. डाव अर्ध्यावर आल्यावर मी ठशांचा विषय काढला. ते म्हणाले, वॉरंट आहे का? मी म्हटले, नाही. ते म्हणाले, मग चाल करा.

म्हणून पाणी देण्याच्या निमित्ताने काचेचा ग्लास पुढे केला. ग्लासवर माझे ठसे येऊ नयेत यासाठी हातमोजे घातले होते. त्यांनी ग्लास पाहिला, मोजे पाहिले, स्वयंपाकघराची सुतळी पाहिली. मला विचारले, तुम्ही बरे आहात ना? मी म्हटले, एकदम उत्तम, तुम्ही फक्त पाणी प्या. ते न पिताच उठले. डाव तसाच राहिला. मी जिंकत होतो.

तरी काम झाले. त्यांच्या वजिरावर अंगठा स्पष्ट मिळाला. डबा रिकामा करून ठेवला आहे. न्यायला आले की देईन.

९ मार्च

वकील आले नाहीत. डाव मांडून ठेवला आहे.

११ मार्च

मोठा दिवस.

मुलीची पाण्याची बाटली इथे राहिली होती, तिच्यावरून मुलीचे नमुने मिळाले. म्हणजे मी, मावशी, वकील, मुलगी. घरात येणारे सगळे झाले. आता फ्रिज, कपाटाचे आरसे, डब्यांची झाकणे, खिडक्यांच्या काचा यांवर ब्रश फिरवला. सुरुवातीला जोर जास्त लागला आणि दोन-तीन ठसे पुसले गेले. मग हात बसला.

चौघांचे ठसे वगळले. आणि उरला पाचवा.

फ्रिजच्या दारावर पाचवा. साखरेच्या डब्यावर पाचवा. कपाटाच्या आरशावर, दिव्याच्या बटणांवर, बाल्कनीच्या काचेवर पाचवा. उजव्या अंगठ्यावर चक्र आणि त्याला तिरकी छेदून जाणारी एक पांढरी रेघ. जुन्या जखमेची. हा अंगठा एकदा पाहिला की माणूस विसरणार नाही.

कार्डावर लिहिले: अज्ञात.

१२ मार्च

काम शिस्तीत चालू. टेपने पाचव्याचा ठसा उचलायचा, कार्डावर चिकटवायचा, जागा लिहायची. मग ओल्या फडक्याने ती जागा स्वच्छ पुसून घ्यायची. हे शेवटचे तज्ज्ञ लोक करत नसत, ती माझी स्वतःची सुधारणा. स्टोअरमध्ये मोजलेला माल बाजूला न ठेवल्यास तोच दोनदा मोजला जातो आणि मग ऑडिटला उत्तरे द्यावी लागतात. ठशांचेही तेच. उचलला, पुसला, नोंद झाली.

मुलीचा फोन. या वेळी चष्म्याबद्दल सांगून टाकले. ती म्हणाली, बाबा, चष्मा मी नेला. त्या रविवारी निघताना दारात तुम्हाला विचारून नेला. तुम्ही हो हो म्हणालात. मी पेपर वाचत होतो म्हणे. मी हो हो म्हणालो असेन, पण त्याचा अर्थ मी ऐकले असा होत नाही, हे तिला एवढ्या वर्षांत कळायला हवे होते.

तिने काडी बसवून घेतली आहे. स्वतःच्या टेबलावर ठेवते म्हणाली, समोर.

म्हणजे चोरी झालीच नाही. यामुळे प्रकरण मिटले असे तिला वाटते. उलट ते गंभीर झाले आहे. चोरी नाही, तरी घरभर एका परक्या माणसाचे ठसे. तो काही न्यायला आलेला नाही. मग कशाला येतो?

रंगाऱ्याला नाही म्हणून सांग, असे सांगितले. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तिथे एकटे काय करता दिवसभर? म्हटले, वेळ कुठे मिळतो.

१४ मार्च

संशयिताचे वर्णन तयार होत आहे. उंची बेताची. वरच्या फळीवरचे ठसे फक्त कडेला आहेत आणि खालच्या स्टुलाच्या काठावर तेच बोट. घराची संपूर्ण माहिती. मिठाचा डबा कुठे आहे हे मला दोन महिने कळत नव्हते, याला ठाऊक होते.

हाताची बोटे सतत ओली किंवा पिठाची असावीत, ठसे तसे भरलेले आहेत.

माझ्या खास वस्तूंनाही हात लावलेला आहे. औषधाच्या बाटल्या. केसांच्या रंगाची बाटली. निवृत्तीच्या दिवशीचा माझा फोटो भिंतीवर आहे, त्याच्या काचेवर चारही कोपऱ्यांत बोटे. म्हणजे तो उतरवून पुसून परत लावला. कोणता चोर फोटो पुसतो?

सर्वांत विचित्र म्हणजे बुटांच्या पॉलिशची डबी. झाकणावर तोच अंगठा, एकदम ठळक. याचा हेतू कळत नाही. माझे बूट मुळातच चांगल्या चामड्याचे. नोकरीत असताना ते रोज सकाळी चकचकीत असत, पॉलिश कधी करावेच लागले नाही. साहेबसुद्धा विचारायचे. हल्ली चमक गेली आहे. चामड्याला वय झाले की तसे होते.

डबीचा ठसा अजून उचललेला नाही. झाकण गोल, टेप सुरकुतते. शेवटी करू.

१५ मार्च

सापळा लावला. दुपारी चारला दोन कप चहा केला. एक मी घेतला, दुसरा समोरच्या खुर्चीपुढे ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. पाच वाजता पाहिले. साय धरली होती. कपावर पावडर मारली, फक्त माझेच ठसे.

संशयित सावध आहे.

१६ मार्च

पुन्हा सापळा. पुन्हा तेच. चहा टाकून द्यावा लागला, गार पिववत नाही.

१८ मार्च

वरिष्ठ पातळीवर मदत घ्यायचे ठरवले. पोलीस चौकीत गेलो. हवालदार तरुण, बरा मुलगा. काय चोरीला गेले? काही नाही. काय मोडले? काही नाही. कुलूप तोडले? नाही. मग संशयित करतो काय? म्हटले, घरभर वावरतो. साखरेचा डबा उघडतो, दिवे लावतो, फोटो पुसतो.

तो लिहिता लिहिता थांबला. घरी कोण कोण असते, विचारले. म्हटले, मी एकटाच. त्याने पेनाचे टोपण लावले, मला खुर्ची दिली आणि चहा मागवला. शेवटी म्हणाला, काका, काही वाटले तर येत जा.

चहा गरम होता.

१९ मार्च

चौकीत एक तपशील सांगायचा राहिला होता, म्हणून पुन्हा गेलो. हवालदाराची सुट्टी होती. दुसऱ्याने तक्रार लेखी आणा म्हटले.

वकिलांच्या दाराशी डबा घेऊन उभा राहिलो. आतून हसण्याचे आवाज येत होते. बेल वाजवली नाही. पुरावा हाताळताना बाहेरच्यांशी संपर्क कमीच ठेवावा.

२१ मार्च

पाचव्याचे घरातले सर्व ठसे उचलून झाले, पॉलिशची डबी सोडून. कार्डे बुटांच्या खोक्यात भरली. उद्या प्रयोगशाळेत जाऊन ठसे विभागाच्या बाईंना दाखवणार. त्या नव्या लागल्या तेव्हा त्यांना पहिला ब्रश मी दिला होता. माझे काम पाहून काय म्हणतील याची कल्पना आहे. व्याख्यानाला बोलावले तर जावे का, विचार करतो आहे. आठवड्यातून एकदा जमेल.

२२ मार्च, दुपार

जाऊन आलो.

खिडकीत आता दुसरा मुलगा आहे. त्याने मला ओळखले नाही, पास मागितला. बाई स्वतः बाहेर आल्या. या स्टोअरकाका, म्हणाल्या. अजून काका म्हणतात. बसवले. मी खोके उघडले आणि पद्धत समजावून सांगितली. त्यांनी एकेक कार्ड दिव्याखाली धरले. हात चांगला बसलाय तुमचा, म्हणाल्या. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

मग विचारले, घरातल्यांचे वगळलेत ना? म्हटले, सगळ्यांचे.

“सगळ्यांचे?”

मी नावे घेतली. मी, मावशी, वकील, मुलगी.

त्यांनी कार्ड खाली ठेवले. भिंग खाली ठेवले. मग हळू विचारले, “काका, काकूंचे?”

मी म्हटले, ती घरात नाही. वारली. तुम्ही आला होतात.

त्यांनी कार्डांच्या कडा जुळवल्या.

मी म्हटले, आठ महिने झाले. म्हटले, नमुना कुठून आणणार? तिचे ठसे कधी घेतलेच नाहीत. घ्यायचे कारणच पडले नाही. तिच्यावर संशय कशाला घेईल कोणी?

हे शेवटचे मी जरा मोठ्याने बोललो असेन. बाजूच्या टेबलावरचे लोक बघत होते.

बाई म्हणाल्या, काचेवर, पत्र्यावर हात नाही लागला तर ठसे खूप टिकतात. हे मला माहीत आहे. हे मी त्यांच्या आधीपासून ऐकत आलो आहे. म्हटले, पण हा अंगठा कापलेला आहे. हिच्या अंगठ्याला असे काही नव्हते. मला माहीत असते.

त्यांनी खोके बांधून दिले. खाली गेटपर्यंत सोडायला आल्या.

२२ मार्च, संध्याकाळ

मुलीला फोन केला. आईच्या उजव्या अंगठ्याला काही लागले होते का, एवढेच विचारायचे होते. केस बंद करण्यापूर्वी ती शक्यता संपवायला हवी.

ती म्हणाली, “बाबा, टाके पडले होते.”

डब्याच्या झाकणाने कापला होता. मुलगी तेव्हा शाळेत होती. शेजारच्यांनी दवाखान्यात नेले. मला ऑफिसात फोनही केला होता म्हणे. त्या दिवशी स्टोअरची वार्षिक मोजणी होती. मोजणी मला आठवते. दोन ब्रश कमी भरत होते, संध्याकाळी उशिरा सापडले.

मुलगी बराच वेळ बोलत होती. आई पट्टी बांधलेल्या हातानेच सगळे करायची, नंतर तिला त्या बोटात थंडीत कळ यायची, वगैरे. मी ऐकले. मध्ये हो हो म्हटले नाही. तिने दोनदा विचारले, बाबा, आहात ना?

२३ मार्च

काही लिहिण्यासारखे नाही.

२४ मार्च

आज उन्हात घर नीट पाहिले. सगळीकडे धूळ आणि काळी पावडर. फ्रिजचे दार काळे. आरसे काळे. खिडक्यांतून रस्ता धूसर दिसतो. त्यात मधे मधे हाताएवढ्या स्वच्छ जागा. फ्रिजवर, डब्यांवर, बटणांपाशी, फोटोच्या चारही कोपऱ्यांत. उचलले, पुसले, नोंद झाली.

घरात तेवढ्याच जागा स्वच्छ आहेत. म्हणजे जिथे ती होती तेवढ्याच.

२५ मार्च

सकाळी काही सुचेना म्हणून कार्डे काढून बसलो. प्रत्येकावर माझ्या अक्षरात ‘अज्ञात’ लिहिलेले. खोडायला घेतले. खोडून काय लिहायचे ते ठरेना. तिचे नाव लिहून पाहिले, ते सरकारी वाटले. मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. शेवटी ‘ही’ लिहिले. एवढेच पुरेसे आहे. मला कळते कोण ते.

सगळी कार्डे व्हायला दुपार झाली. चहा एकच कप केला.

२६ मार्च

मुलीला सांगितले, रंगाऱ्याला येऊ दे. तिने विचारले, आणि तुम्ही? म्हटले, रंगाच्या वासाने मला खोकला होतो, तेवढे दिवस येईन तुझ्याकडे. नंतरचे नंतर पाहू. ती म्हणाली, चष्मा पाहायला या. म्हटले, त्यासाठी नाही, खोकल्यासाठी.

मावशींना निरोप पाठवला. त्यांनी उलट निरोप दिला की स्वतः येऊन सांगा. बरोबर आहे.

वकिलांचा डबा द्यायचा आहे. डाव पुन्हा पाहिला. मी जिंकत नव्हतो. दोन चालींत मात आहे.

२७ मार्च, सकाळ

मावशींकडे जायचे म्हणून कपडे केले. बूट पाहिले, घालवेनात. असे बूट घालून माफी मागायला जाता येत नाही.

पॉलिशची डबी टेबलावर होती. झाकणावर अंगठा. चक्र, तिरकी रेघ, काहीही सुरकुतलेले नाही. घरातला शेवटचा. टेपची पट्टी कापून हातात घेतली. लावली नाही. लावली तर तो खोक्यात जाईल. तसाच ठेवला तर डबी उघडता येणार नाही, आणि ती कशाला ठेवलेली असते?

डबी घट्ट बसली होती. झाकण धरून फिरवताना माझा अंगठा नेमका तिच्या अंगठ्यावर आला. दुसरीकडे धरायला जागाच नाही. रोज असेच धरावे लागत असणार.

उघडली. पॉलिश कडेने वाळले आहे, मधे थोडे ओले. फडके कोणते घ्यायचे माहीत नव्हते, रुमाल घेतला. पॉलिश आधी जास्त लागले, मग डाग पडले, मग घासत बसलो. हात दुखला. डावा बूट थोडा बरा झाला. उजवा नाही.

चामड्यात काही दोष नाही.